चादर कुठे धरावी

एकदा बाजारपेठेच्या एका गावी एक कपाटांचा व्यापारी आणि एक तरुण शिष्य समोरासमोर बसले होते, आणि दोघेही एकमेकांना पुरते विटलेले होते.

शिष्याला तेथे त्याच्या आचार्यांनी पाठवले होते. यंत्रविद्या शिकवणारे ते वृद्ध आचार्य कोणालाही वर्ग घेण्याची अनुज्ञा सहजासहजी देत नसत. "ज्याला या विषयातले काहीच ठाऊक नाही अशा एखाद्याला आभासी वास्तव आणि संवर्धित वास्तव यांतला भेद समजावून दे," ते म्हणाले होते. "त्याने तो मला स्वतःच्या शब्दांत सांगितला, की तू मोकळा. नाही सांगता आला, तर आणखी वर्षभर माझ्यापाशी राहा." दूरच्या एका शाळेत शिष्याची जागा ठरली होती, आणि ती शाळा वर्षभर थांबणार नव्हती.

व्यापाऱ्यालाही हे समजून घेण्याची निकड होती, कारण त्याची कपाटे परत येत. दुकानात डौलदार दिसणारे कपाट गिऱ्हाइकाच्या घरी गेले, की कुठे दाराला अडे, कुठे विजेची बटणे झाकून टाकी. हातगाडीवरून ते परत येताना सारी पेठ पाहत असे. वस्तू घरी नेण्याआधीच घरात कशी दिसेल ते दाखवणारी यंत्रे निघाली आहेत, असे त्याच्या कानावर आले होते.

"पुन्हा सांगतो, शेठजी," शिष्य म्हणाला. "आभासी वास्तवात, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, संपूर्ण परिसर संगणकनिर्मित असतो. संवर्धित वास्तवात, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीत, प्रत्यक्ष परिसरावर संगणकनिर्मित प्रतिमेचे अध्यारोपण होते."

"कशाचं रोपण?"

"अध्यारोपण!"

"हां." व्यापाऱ्याने मान डोलावली. "म्हणजे दोन्ही चष्मेच ना?"

शिष्याने डोळे मिटले आणि उघडले. व्यापारी तेथेच होता. "चष्म्याचा प्रश्नच नाही, शेठजी. दुसरे तर नुसत्या फोनवरही होते."

"मग मघाशी डोळ्यांवर चष्मा चढवतात म्हणालात, तो कशाला?"

"तो दोन्हीत असू शकतो!"

"तेच तर मी म्हणतोय. दोन्ही एकच." व्यापाऱ्याने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "चिडू नका हो. पण वास्तव वाढवतात म्हणता. भाव वाढवलेला मला कळतो, पगार वाढवलेला कळतो. वास्तव कसं काय वाढवणार?"

शिष्याने कागद ओढून त्यावर दोन वर्तुळे काढली आणि बाण दाखवले. व्यापाऱ्याने ती बराच वेळ निरखली, आणि यातले कपाट कोणते, असे विचारले.

नेमके त्याच वेळी आचार्य दुकानाची पायरी चढत होते. त्यांच्यामागून हातगाडी आली, तिच्यावर एक निळे कपाट, आणि गाडीमागे शेजारच्या गल्लीतल्या एक बाई.

"घ्या, शेठ, तुमचं कपाट," बाई म्हणाल्या. "खिडकीपुढे भिंत उभी राहिल्यासारखं झालंय. स्वयंपाकघरात भर दिवसा दिवा लावून पोळ्या लाटू का मी?"

"वहिनी, तुम्ही स्वतः निवडलंत ना!"

"निवडलं ते इथे. तुमच्या दुकानात खिडकी आहे का एक तरी?"

आचार्यांनी कोणालाच काही विचारले नाही. एका नव्या कपाटावर धूळ बसू नये म्हणून चादर टाकलेली होती. ती त्यांनी उचलली, झटकली आणि सरळ व्यापाऱ्याच्या डोक्यावर टाकली.

हातगाडीवाला थबकला. शिष्य ताडकन उठला.

"शेठजी, आता तुम्ही वहिनींच्या घरात आहात," आचार्य शांतपणे म्हणाले. "भले मोठे दालन, संगमरवरी फरशी, उंच छत. मधोमध तुमचे निळे कपाट. कसे दिसते?"

चादरीतून आवाज आला, "झकास!"

"मावते ना?"

"मावायला काय झालं? हवी तेवढी जागा आहे."

"खिडकी अडत नाही?"

"कुठली खिडकी? तुम्ही सांगितलीच नाहीत."

बाईंना हसू आवरेना. उत्साहाने व्यापाऱ्याने एक पाऊल पुढे टाकले आणि त्याची नडगी स्टुलावर आपटली. चादरीतून निघालेला पुढचा शब्द लिहिण्याजोगा नव्हता.

आचार्यांनी चादर काढून घडी केली. "चला, वहिनींच्या घरी."

बाईंच्या लहानशा स्वयंपाकघरात त्यांनी चादर कपाटाच्या मापाची दुमडली. वरचे एक टोक व्यापाऱ्याच्या हाती दिले, दुसरे शिष्याच्या, आणि दोघांना हात उंच करून खिडकीपाशी उभे केले. "वहिनी, हे कपाट. पाहा."

"नको, नको, अंधार झाला. ओट्याकडे सरका... तिथेही नको, डब्यांपर्यंत हात पोचणार नाही माझा. जरा दाराआड जा बघू."

शिष्याचे दंड भरून आले होते. इकडे आपले वर्ष वाया चालले आहे, आणि आपण परक्या स्वयंपाकघरात चादर धरून फिरत आहोत! "गुरुजी, हे किती वेळ?"

"कपाटाने बोलायचे नसते," आचार्य म्हणाले.

"हां! इथे बसतं," बाई दाराआडच्या कोपऱ्यापाशी म्हणाल्या. "पण इतकं रुंद नको. थोडं आत घ्या ते."

"तसं अरुंद आहे माझ्याकडे!" व्यापारी चादरीमागून ओरडला. चादर खाली करून त्याने आधी ओट्याकडे, मग खिडकीकडे पाहिले.

"आचार्य, मघाशी चादर डोक्यावर होती, तेव्हा समोरचं सगळं नाहीसंच झालं. तुम्ही बोललात तेवढंच दिसलं. आता घर जसंच्या तसं आहे, खिडकी आहे, वहिनींचे डबे आहेत. कपाट तेवढं खोटं. मला हे दुसरं पाहिजे. गिऱ्हाइकानं आपल्या घरात फोन धरून उभं राहावं, आणि माझं कपाट त्याच्याच भिंतीला लागलेलं दिसावं."

"मग पहिले निरुपयोगी?"

"निरुपयोगी कसं? ज्याचं घर अजून बांधून झालं नाही, त्याला दाखवायला तेच लागणार."

"पहिले ते आभासी वास्तव," आचार्य म्हणाले. "वैमानिकाला वादळात उडायला शिकवायचे, तर खरे जग दूर ठेवून त्याच्या डोळ्यांपुढे सारे नवेच उभारावे लागते. दुसरे ते संवर्धित वास्तव. तेथे यंत्राला आधी समोरचे जग पाहावे लागते. ते फरशी शोधते, भिंत ओळखते, अंतर मोजते, आणि मग त्यात एखाद्याच वस्तूची भर घालते. तुम्ही सरकलात, तरी ती वस्तू आपल्या जागी राहते. शिवाय तिचे दंड भरून येत नाहीत."

शिष्य मात्र हसला नाही. "गुरुजी, शेठजींना समजले, पण ते तुम्ही समजावलेत. मला अनुज्ञा मागता येणार नाही."

"सकाळी शेठजींनी तुला पहिल्यांदा काय सांगितले?"

शिष्याने आठवून पाहिले. "दोन्ही एकच, असे काहीतरी."

"अहो, कपाटं परत येतात म्हणालो होतो," व्यापारी पुटपुटला.

आचार्यांनी चादर शिष्याच्या हातून घेतली. "तू त्यांना त्यांच्या दुकानातून उचलून तुझ्या व्याख्यांच्या दालनात नेऊन बसवलेस, आणि तेथे ते ठेचकाळले म्हणून त्यांच्यावरच चिडलास. माणूस जेथे उभा आहे, ती फरशी आधी पाहायची असते. आपल्याकडचे चार शब्द तिच्यावर नंतर ठेवायचे."

शिष्याने मान खाली घातली. बाई अजून त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. "पण काय हो," त्यांनी त्याला विचारले, "इथे ठेवायचं ते त्या फोनला कळतं कसं?"

उत्तर शिष्याच्या ओठांवर तयार होते. ते त्याने गिळले. कोपऱ्यातल्या फरशीवर तो उकिडवा बसला आणि वर पाहत म्हणाला, "वहिनी, अंधारात उठलात, तर ओटा कुठे आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"कसं म्हणजे? आधी भिंत चाचपते..." बाई सांगू लागल्या, आणि व्यापारीही कान देऊन ऐकू लागला.

आचार्य पुढे काही ऐकायला थांबले नाहीत. दाराशी वहाणा घालता घालता ते एवढेच म्हणाले, "त्या शाळेला कळव, येतो म्हणून."