बिनकव्हराचं पुस्तक

जर्मनीत नाझींची सत्ता येऊन वर्ष उलटलं होतं. नावडत्या लेखकांची पुस्तकं चौकाचौकांत जाळून झाली होती आणि आता असं पुस्तक नुसतं घरात सापडलं तरी माणूस तुरुंगात जात असे. एका लहान गावात ओटिलीबाई जुन्या पुस्तकांची बांधणी करून पोट भरत. एके सकाळी पक्षाचा अधिकारी ल्यूडके दोन शिपाई घेऊन त्यांच्या दुकानात शिरला. “असल्या पुस्तकाला मी जन्मात हात लावलेला नाही,” असं हा गृहस्थ भर सभेत छाती फुगवून सांगायचा.

टेबलावर एक पुस्तक पडलं होतं. कव्हर फाटून गेलेलं, पहिली पानंही गळालेली. ल्यूडकेने ते मधूनच उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि तो गरजला, “ही तर त्या नावाड्याची कादंबरी! बंदी आहे हिच्यावर. चला ठाण्यावर!”

ओटिलीबाई शांत आवाजात म्हणाल्या, “साहेब, यावर ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. तरी दोन ओळींत ओळखलंत? किती वेळा वाचली असेल तुम्ही!”

दोन्ही शिपाई साहेबांकडे बघू लागले. ल्यूडकेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “छे, हे तर पाककृतींचं पुस्तक दिसतंय,” असं पुटपुटत त्याने शिपायांना बाहेर पिटाळलं.

मग दारातूनच मागे वळून त्याने हळूच विचारलं, “बाई, शेवटी तो नावाडी सुटतो का हो? माझी प्रत अर्ध्यावरच जाळावी लागली.”

“मला काय ठाऊक, साहेब?” सुईत दोरा ओवत ओटिलीबाई म्हणाल्या. “मी कुठे वाचलीय!”