शास्त्रीबुवांनी सोडलेली भाजी

“...मग जग दिसेनासं होणं, हीच शेवटची पायरी ना, महाराज?”

विश्वंभरशास्त्र्यानं हे विचारलं तेव्हा ऊन उतरत आलं होतं. सोमपुरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून शेवग्याचा पाला निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला दिसेनासं झालं?”

“मला.”

“केव्हा?”

“रोज. दिवस मावळला की आधी समोरचा डोंगर विरतो. मग झाडं, मग माणसं. सकाळी सगळं परत येतं. पण संध्याकाळी... माया गळून पडते, महाराज.”

हे शेवटचं वाक्य त्यानं बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. आता महाराज उठतील, पाठीवर हात ठेवतील, चार माणसांत नाव काढतील, अशी त्याची खात्री होती.

महाराजांनी एक जून काडी बाजूला टाकली.

“हिरड्यांतून रक्त येतं का रे?”

विश्वंभरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण ब्रह्माचं विचारावं आणि यांनी हिरड्यांचं. हिरड्यांतून रक्त येत होतं, हे खरं होतं. पण ते सांगायला तो इथं आला नव्हता.

गेल्या आषाढातली गोष्ट. चातुर्मासात काहीतरी सोडायचं म्हणून मठात माणसं जमली होती. महाराज एवढंच म्हणाले होते, “आवडतं ते सोडा.” कुणी गूळ सोडला, कुणी तंबाखू. कुणी रडतरडत चहा सोडला. विश्वंभरनं उभं राहून भर सभेत जाहीर केलं की आपण भाजीपाला आणि फळं सोडली. सगळी.

सभेनं आ वासला. तो आ वासलेला सभामंडप त्याला फार गोड लागला.

कार्तिकात बाकीच्यांनी आपापलं परत धरलं. विश्वंभरनं धरलं नाही. पाण्यात शिजवलेली भगर आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर तो राहिला. लोक आधी महाराजांच्या पाया पडत आणि मग त्याच्या. पुढेपुढे आधी त्याच्या पडू लागले. आता चैत्र लागला होता.

“शेवग्याची आणखी एक फांदी आण,” महाराज म्हणाले.

तो धुमसतच उठला. अंगणात उतरेपर्यंत उजेड गेला होता. इतरांना अजून अंगण दिसलं असतं. त्याला पायाखालची वाटही दिसेना. हात पुढे करून तो चालला आणि कपाळ खाडकन बुंध्यावर आपटलं.

“काय झालं?” ओट्यावरून आवाज आला.

“काही नाही... झाड.”

“झाड कसं असेल? ते तर विरलं ना? जा की आरपार.”

विश्वंभरचा संयम सुटला. कपाळ चोळत तो ओरडला, “थट्टा करता माझी? घरदार सोडून आलो मी इथं. तोंडाची चव सोडली. एका शब्दानं कौतुक नाही तुमच्या तोंडी. मला दुसरा गुरू पाहावा लागेल.”

“पाहा,” महाराज म्हणाले. “दिसला तर.”

फाटकाशी बांगड्या वाजल्या. कुणीतरी भिंत चाचपत, पाय घासत येत होतं. ओट्याशी पावलं थांबली आणि वाकल्याचा, धापा टाकल्याचा आवाज आला.

“आशीर्वाद द्या, शास्त्रीबुवा.”

“तुळसा,” महाराज हळूच म्हणाले, “तो खांब आहे.”

तुळसा खालच्या कुंभारवाड्यातली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. ती आवाजाच्या रोखानं वळली आणि हसली.

“म्हाराज, शास्त्रीबुवांचं खरं झालं बगा. मलाबी लागलंया त्येंच्यावानी. दिवं लागायच्या वक्ताला समदं इरून जातं. काल उंबऱ्याला अडकून पडले.”

“कशी पडलीस?”

“हातावर. प्वाटाला काय झालं न्हाई.”

“काय सोडलंस?”

“समदा भाजीपाला. आन् फळं. दारचा भोपळ्याचा येलबी उपटून टाकला. पोटातलं पोर ग्यानी निपजंल, परवचनात म्हनले शास्त्रीबुवा.”

...

विश्वंभरला महाराजांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांचा श्वास मात्र ऐकू येत होता आणि तो एरवीसारखा नव्हता. आजवर महाराज चिडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. आजही पाहता येत नव्हते, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

“विश्वंभर, इकडे ये.”

तो चाचपडत आला.

“लहानपणी आईनं काय वाढलं की तू ताटावरून उठायचास? तूच हसतहसत सांगितलं होतंस मला.”

“...पालेभाजी.”

“आणि फळं?”

“दात आंबायचे माझे.”

“मी काय सोडायला सांगितलं होतं?”

“आवडतं ते.”

“तुला काय आवडतं?”

काय आवडतं ते विश्वंभरला त्या क्षणी लख्ख कळलं. आत्ता खांबापुढं जे वाकलं, ते आवडत होतं. हे बोलून दाखवायची त्याची छाती झाली नाही.

“तुला जे नको होतं ते तू टाकलंस आणि त्याला व्रत म्हणालास,” महाराज म्हणाले. “तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तू ते हिच्या ताटातून काढलंस. माझ्या गुरूंनी इथं देव बसवायच्या आधी हा शेवगा लावला. मग आवळा, मग भोपळ्याचं आळं. का? तिन्हीसांजेला या वस्तीतली पोरं भिंती चाचपत हिंडायची म्हणून. दुखणं आलं की अंगारा मागायला सगळे येतात. दुखणंच येऊ नये म्हणून पाला खा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. दारोदार हिंडून गुरूंनी घराघरात वेल चढवले. हयात गेली त्यांची त्यात. तू एका प्रवचनात उपटलेस.”

तुळसाचं हसू केव्हाच मावळलं होतं.

“म्हाराज... म्हंजी ह्ये चांगलं न्हाई व्हय?”

“नाही, पोरी. हे रातांधळेपणाचं दुखणं आहे.”

“मग माज्या पोराला दिसंल नव्हं?”

तिनं ते महाराजांना विचारलं नव्हतं. तोंड विश्वंभरकडे होतं. त्याच्याकडे श्लोक पुष्कळ होते. त्यातला एकही त्याला आठवेना.

महाराज आत गेले. चूल फुंकल्याचा आवाज आला, मग तेलात लसूण तडतडला. भाजीचा उग्र हिरवट वास अंगणभर पसरला. बऱ्याच वेळानं ते समई आणि दोन ताटं घेऊन बाहेर आले. ताटांत भाकरी, शेवग्याची भाजी, आवळ्याची फोड.

“उद्या उजाडलं की सुईणीला घेऊन ये,” ते तुळसाला म्हणाले. “आत्ता खा.”

ती खाऊ लागली. मुसमुसत, पण भराभर. दुसरं ताट त्यांनी विश्वंभरपुढे सरकवलं.

त्यानं मान फिरवली.

“उद्या हिच्या दारात आळं खणायचं. वेल धरेपर्यंत इथली भाजी शिजवून हिच्या घरी न्यायची. आणि तिच्यादेखत पहिला घास तू खायचा. ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांच्या दारातही.”

“लोक काय म्हणतील? महाराज, माझं व्रत मोडेल.”

“हिच्या पोटातल्यानं कुठलं व्रत घेतलंय?”

...

समईच्या उजेडात तुळसाचा हात थांबलेला होता. ती त्याच्या घासाची वाट पाहत होती.

विश्वंभरनं घास उचलला. लहानपणीचा तोच कडवट वास. हिरड्या चरचरल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की आणखी कशाचं, त्याचं त्यालाच समजलं नाही. त्यानं घास तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला. तुळसाचा हात पुन्हा ताटाकडे गेला.

“कशी झालीय?” महाराजांनी विचारलं.

“घशाखाली उतरत नाही.”

महाराजांनी त्याच्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली.

“आज लागला तुझा चातुर्मास.”