शेंदूरवस्तीची अनुला

पूर्वी चंदना नदीच्या काठी मणिवती नावाच्या नगरीत वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका श्रेष्ठीच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रसेन. वडिलांच्या मागे शेंदराचा सगळा व्यापार त्याच्याकडे आला. मणिवतीचा शेंदूर दूरदूरच्या देशांत जाई. यक्षांच्या मूर्तींना, हत्तींच्या गंडस्थळांना, नववधूंच्या भांगांना तोच लागे, आणि एकदा तो पाहिलेल्या माणसाला दुसरा कोणताही लाल रंग फिका वाटे.

हा शेंदूर जिथे तयार होई ती वस्ती नगरीच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर होती. तिथे सात भट्ट्या होत्या. पुरुष कढईत शिसे वितळवून लोखंडी पळ्यांनी दिवसभर ढवळीत. शिशाची आधी पिवळी भुकटी होई, ती पुन्हा भाजली की लाल होई. मग बायका ती दळीत आणि कापडातून चाळीत. घरांच्या भिंती, कोंबड्यांची पिसे, वाळत घातलेली धोतरे, सगळ्यांवर तांबूस धूळ बसलेली असे.

या वस्तीत अनुला नावाची स्त्री राहत होती. तिचा नवरा नंदक तिसऱ्या भट्टीवर काम करी. त्याच्या हातचा शेंदूर सर्वांत तेजस्वी निघे आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. अनुला तो शेंदूर चाळी. चाळताना ओठांवर एक गोडसर चव येई. लग्न होऊन आली तेव्हा तिला ती चव आवडली होती.

लग्नाला नऊ वर्षे झाली होती. या नऊ वर्षांत तिला तीनदा दिवस गेले, आणि तीनही वेळा चौथ्यापाचव्या महिन्यात सगळे संपले. पहिल्या वेळी तिने बाळासाठी जुन्या वस्त्राची दुपटी शिवली होती. दुसऱ्या वेळी तीच दुपटी धुऊन ठेवली. तिसऱ्या वेळी तिने त्यांना हात लावला नाही. सासूने नवस केले. शेजारणी म्हणाल्या, कूसच तशी आहे. अनुलाही तसेच मानू लागली होती, पण मानले म्हणून ओढ कमी होत नसे. दुपारी वारा पडला की नदीच्या पलीकडच्या नावाड्यांच्या पोरांचा पाण्यातला गलबला ऐकू येई. तेव्हा तिची चाळणी आपोआप थांबे.

त्या वर्षी राजाने युवराजाच्या अभिषेकाचा मुहूर्त काढला. साठ हत्ती, नगरीची चारही द्वारे आणि राजमार्गावरचा प्रत्येक खांब शेंदराने रंगवायचा होता. इतका शेंदूर एका ऋतूत कधी झाला नव्हता. काम लवकर व्हावे म्हणून भद्रसेन स्वतः वस्तीत आला. त्याच्या कुळातला कोणीही कित्येक वर्षांत या काठावर उतरला नव्हता.

उन्हाची वेळ होती. त्याने अनुलाच्या दारात पाणी मागितले. तिने ओटीवर चटई टाकली आणि तांब्या भरून आणला. पाणी पिऊन भद्रसेन बराच वेळ बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, मघापासून या वस्तीत हिंडतो आहे. पोरे कुठे गेली सगळी? रानात गेली आहेत काय?"

अनुलाने रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "रानात नाही, श्रेष्ठी. पोरे नाहीतच. नऊ वर्षांत इथे चार जन्मली. त्यातली दोन राहिली. एकाला बोलता येत नाही, दुसरी सारखी पोट धरून रडते."

"आणि तुला?"

"मला नाही," ती म्हणाली. मग आपण विचारू असे तिलाच वाटले नव्हते ते तिने विचारले, "आपल्या घरी किती आहेत?"

भद्रसेनाला पाच मुले होती. धाकटी त्याच सकाळी त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा करीत होती.

तेवढ्यात नंदक भट्टीवरून जेवायला आला. श्रेष्ठीला पाहून त्याने नमस्कार केला. भद्रसेनाने पाहिले की त्याचे पंजे मनगटापासून खाली लोंबत होते आणि घास उचलायला त्याला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागत होता. तो हसला तेव्हा हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली. "काम वेळेत होईल," नंदक म्हणाला. "माझ्या बापाचेही हात असेच झाले होते. भट्टीवाल्याचे हात ओळखू येतात."

भद्रसेन उठला खरा, पण नगरीत परतला नाही. तो घरोघर गेला. प्रत्येक घरात त्याने एकच गोष्ट विचारली, की इथून लेक सासरी गेली कुठे आणि सून आली कुठून, आणि कोणाला मुले झाली. अनुलाने त्याला आपल्या बहिणीचे सांगितले. सोणा आणि ती एकाच आईच्या. सोणा नदीच्या वरच्या अंगाला एका बुरुडाच्या घरी दिली होती. तिला चार मुले होती. भद्रसेन तिथेही जाऊन आला. सगळीकडे तेच दिसले. भट्टीजवळ राहणाऱ्या स्त्रीची कूस रिकामी राही, आणि तिथून वर्षानुवर्षे दूर गेलेल्या स्त्रीची भरे. भट्टीच्या वाऱ्याखालच्या गवतावर गुराखीसुद्धा गाई नेत नसत.

वस्तीत उपक नावाचा म्हातारा होता. त्याने सत्तर वर्षे भट्ट्या पाहिल्या होत्या. त्याला भद्रसेनाने विचारले, "आजोबा, हे कोणाच्या लक्षात आले नाही काय?"

"आले होते," उपक म्हणाला. "मी स्वतः आपल्या वडिलांच्या, मोठ्या श्रेष्ठींच्या, कानावर घातले होते. त्यांनी ऐकून घेतले. त्यानंतर ते कधी या काठावर उतरले नाहीत."

ते ऐकून भद्रसेनाच्या मनात आपण पाहिले नसते तर बरे झाले असते, असा विचार क्षणभर आला. तो विचार त्याने ओळखला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने सातही भट्ट्या विझवायला सांगितल्या.

सर्वांत जास्त राग नंदकाला आला. "आणि आम्ही खायचे काय?" तो म्हणाला. "मला दुसरे काही येत नाही. या शेंदराला देशोदेशी तोड नाही."

"तोड नाही हे खरे आहे," भद्रसेन म्हणाला. "तुमच्या पोटाची काळजी मी घेईन. वरच्या अंगाला माझी जमीन आहे. तिथे हळद चांगली येते. हळदीला चुना लावला की तिचे कुंकू होते. ते चाळणाऱ्या बाईचे काही बिघडत नाही. पीक हाती येईपर्यंत तुम्ही माझ्या कोठारातले धान्य खाल."

नंदकाने पळी भिंतीला टेकवली आणि तो निघून गेला.

त्या वेळी अनुलाला पुन्हा दिवस गेले होते. दोन महिने झाले होते आणि तिने कोणालाही सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी तिने नंदकाला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी पायी सोणाच्या घरी गेली.

भट्ट्या विझल्याची वार्ता राजाला कळली. वीरबाहूने भद्रसेनाला सभेत बोलावले. सभेत नगरीतले सगळे श्रेष्ठी होते, आणि त्या भट्ट्या आपल्या हाती याव्यात अशी त्यातल्या अनेकांची फार दिवसांची इच्छा होती.

राजा म्हणाला, "अभिषेक दोन महिन्यांवर आला आणि तू भट्ट्या विझवल्यास?"

"महाराज, त्या रंगासाठी एक वस्ती निपुत्रिक झाली आहे. त्या धुळीत विष आहे. हे मी पाहून आलो."

"तुला जमत नसेल तर दुसरा कोणी भट्ट्या पेटवील."

"पेटवू द्या," भद्रसेन म्हणाला. "माझे एवढेच मागणे आहे. जो भट्ट्या घेईल त्याने त्याच वस्तीत घर बांधावे. आपल्या लेकीसुनांना घेऊन तिथे तीन वर्षे राहावे, आणि तिथल्याच धुळीत त्यांनी शेंदूर चाळावा. धूळ निर्दोष असेल तर यात अवघड काही नाही."

राजाने सभेकडे पाहिले. श्रेष्ठी भुईकडे पाहू लागले. एकाने उपरणे सारखे केले. कोणीही पुढे आला नाही. राजा बराच वेळ वाट पाहत राहिला, आणि वाट पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला.

"भट्ट्या पुन्हा पेटणार नाहीत," तो म्हणाला. "पण तू माझ्या कामाचा शब्द मोडलास. श्रेष्ठीपद तुझ्याकडे राहणार नाही."

भद्रसेनाने वाकून नमस्कार केला आणि श्रेष्ठीपदाची मुद्रा काढून राजाच्या पायाशी ठेवली. अभिषेकाला हत्ती गेरूने रंगवले. लोक म्हणाले, हत्ती मातीत लोळून आल्यासारखे दिसतात.

इकडे अनुला सोणाच्या घरी होती. तिथे सकाळपासून बांबू चिरल्याचा आवाज चाले आणि चार पोरे पायांत पायांत येत. तिसरी भाची रात्री तिच्या कुशीत शिरून झोपे. चौथा महिना गेला. पाचवा गेला. एका दुपारी सूप विणताना आत काहीतरी हलले. आधी तिला कळलेच नाही, कारण हे तिला कधी माहीतच नव्हते. मग पुन्हा हलले. तिने सूप बाजूला ठेवले आणि तळहात पोटावर धरून ती उन्हे कलेपर्यंत तशीच बसून राहिली.

सातव्या महिन्यात मुलगी जन्मली. ती रडली, पण तिचे रडणे फार बारीक होते. ती तीन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी सोणाने तिला अनुलाच्या मांडीवरून उचलून घेतले, तेव्हा अनुलाला वाटले की बहीण बाळाला ऊन दाखवायला नेत आहे.

ते ऐकून भद्रसेनाने दूरच्या गावातली एक वृद्ध सुईण पाठवली. तिने अनुलाला तपासले आणि हळूच सांगितले, "बाई, ते विष हाडात मुरते. भट्टी विझली म्हणून अंगातले लगेच जात नाही. तू धीर धर, पण मी तुला वचन देत नाही."

नंदक तिला न्यायला आला. दोघे नदीकाठाने चालत निघाली. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मी मनात तुला दोष देत होतो. नऊ वर्षे."

"मलाही तसेच वाटत होते," अनुला म्हणाली.

"मी घरी येऊन कपडे झटकायचो. तुझ्याच अंगणात."

थोड्या वेळाने तिने त्याचा लोंबणारा हात आपल्या हातात घेतला, आणि वस्ती येईपर्यंत तो सोडला नाही.

वस्ती वरच्या अंगाला हलली. भट्ट्यांची राख खोल खड्ड्यांत पुरून वरून चिकणमाती थापली. पहिल्या वर्षी हळद बरी आली नाही आणि लोकांनी भद्रसेनाला नावे ठेवली. दुसऱ्या वर्षी ती चांगली आली. चौथ्या वर्षी उपकाच्या नातसुनेला मुलगा झाला. ती भट्ट्या विझल्यावर लग्न होऊन आली होती. बारशाला तिने अनुलालाच बाळ पाळण्यात घालायला बोलावले. एक म्हातारी कुजबुजली की वांझेच्या हातून हे करू नये. नातसून म्हणाली, "अनुलाआत्यांच्या हातूनच होईल." अनुलाने बाळ घेतले. ते जड होते, आणि ऊबदार होते. भुकेने रडू लागेपर्यंत तिने ते धरून ठेवले. मग आईकडे दिले. देऊन झाल्यावरही तिचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

त्या दिवशी भद्रसेनही आला होता. आता तो साधा शेतकरी झाला होता. जेवणे झाल्यावर तो अनुलाजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्यासाठी मी उशिरा आलो."

"हो," अनुला म्हणाली. "उशिरा आलात."

त्याने क्षमा मागितली नाही आणि तिनेही ती दिली नाही. पाळण्यातले मूल झोपेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. पुढे भद्रसेन जिवंत असेपर्यंत दर वर्षी वस्तीत येई. प्रत्येक दाराशी थांबून तो आधी पोरांची विचारपूस करी आणि मग हळदीची. अनुलाला पुढे मूल झाले नाही. तिची ओढ गेली नाही. मात्र आपली कूस वाईट आहे असे तिला पुन्हा कधी वाटले नाही, आणि वस्तीतल्या कोणत्याही सुनेला तिने ते वाटू दिले नाही.

भिक्षूंना धर्म शिकवणाऱ्या शास्त्याने ही कथा विहारात सांगितली तेव्हा मागच्या रांगेत एक भिक्षुणी बसली होती. भिक्षेला गेली असताना एखाद्या घरातून तान्ह्याचे रडणे आले की तिचे पाऊल अडे, आणि यावरून इतर भिक्षुणी तिला बोल लावीत. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा वीरबाहू राजा म्हणजे आताचा धान्यागाराचा कारभारी सुप्रिय. नंदक म्हणजे उत्तर नावाचा तांबट, जो आता आपल्या घरात धूर साठू देत नाही. उपक म्हणजे वृद्ध स्थविर कोंडिल्ल. भद्रसेन श्रेष्ठी मीच होतो. आणि अनुला म्हणजे मागे बसलेली ही भिक्षुणी, जिला तुम्ही आसक्त म्हणता. तिच्या त्या थांबलेल्या पावलाला बोल लावू नका. त्या जन्मी मी नदीचा तो काठ पाहायला उशीर केला, त्याचे दुःख ती अजून वाहते आहे."

मग शास्ता म्हणाला, "दुसऱ्याचे दुःख आपल्याच दारात आहे असे दिसले की पाठ न फिरवणे, याला मी करुणा म्हणतो. लवकर पाहा."

भिक्षुणीने मान खाली घातली होती. बाहेर, गावाच्या बाजूला कुठेतरी एक मूल रडत होते, आणि या वेळी कोणीही तिच्याकडे वळून पाहिले नाही.