सुतारपक्ष्याची जीभ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं एक वैद्यबुवा राहत. माणसाची जीभ पाहूनच ते आजार ओळखायचे. पिवळी दिसली की पित्त, पांढरी दिसली की अपचन. चाळीस वर्षांत "मला ठाऊक नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

एके सकाळी गावचा कुंभार टोपली घेऊन धावत आला. टोपलीत सुतारपक्षी होता. डोक्यावर लाल तुरा, पाठ सोनेरी, पण एक पंख लोंबत होता.

"बुवा, मांजरानं धरला होता. कसाबसा सोडवला बघा!"

बघता बघता ओटीवर गर्दी जमली. वैद्यबुवांनी सवयीनं आधी चोच उघडली. तोच आतून काहीतरी सर्रकन बाहेर आलं. बोटभर लांब, दोरीसारखं बारीक, चिकट, टोकाला इवले इवले काटे!

"अगंबाई, किडा!" कुंभारीण ओरडली.

"घशात शिरलाय," वैद्यबुवा म्हणाले. "चिमटा आणा. आत्ता ओढून काढतो."

चिमटा आला. बुवांनी ते टोक पकडलं मात्र, पक्षी जिवाच्या आकांतानं तडफडला. बुवांनी चटकन चिमटा सैल केला. किडा ओढला तर पक्ष्याला एवढं का दुखावं?

सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. एक झटका दिला असता तर अब्रू राहिली असती. पण हातातलं ते छोटं काळीज धडधडत होतं.

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"मंडळी, हे काय आहे, मला ठाऊक नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा."

मग मागून कुणीतरी हसलं. ती रानात डिंक गोळा करणारी चांगुणा होती.

"बुवा, किडा कुठला? जीभ आहे ती त्याची! झाडाच्या भोकात घालतो अन् मुंगळे ओढून काढतो. उपटली असती तर उपाशी मेला असता."

"मग थोडं दूध पाजू का?" कुंभारणीनं विचारलं. वाटी तिच्या हातात तयारच होती.

"नको गं माय! मागं एका बुलबुलाला मी असंच मायेनं दूध पाजलं. जिभेच्या बुडाशीच श्वासाचं भोक असतं. तिथं दूध गेलं अन् बिचारा माझ्या हातातच गेला." चांगुणानं वाटी बाजूला सारली. "याला अंधारात, उबेत, निवांत राहू द्या."

वैद्यबुवांनी मऊ फडक्यानं पंख हलकेच बांधला. ते काम त्यांना छान जमत होतं. चांगुणा रोज मुंगळे असलेली कुजकी लाकडं आणू लागली. पक्षी जीभ लपकन बाहेर काढायचा अन् मुंगळा गट्ट! ते बघायला पोरं दारामागून डोकावायची आणि तोंडावर हात दाबून हसायची.

तीन आठवड्यांनी वैद्यबुवांनी पट्टी सोडली. पक्ष्यानं पंख झटकला, एकदा, दोनदा, आणि भुर्रकन उडून थेट रानात गेला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. पोरं नाचत होती, चांगुणा पदरानं डोळे पुसत हसत होती, आणि वैद्यबुवा लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

तात्पर्य काय, तर मदतीचा हात पुढं करण्याआधी समोरचा जीव समजून घ्यावा; आणि समजत नसेल तर मोकळेपणानं विचारावं.