डिकीतलं गाठोडं

“मग सांगा ना मास्तर, चुकलं कुठे?” शाल्मलीने विचारलं.

इनास मास्तर उघड्या बॉनेटमध्ये वाकून बघत राहिले.

सावंतवाडीत याच गॅरेजात शाल्मली तोरसकर पाना धरायला शिकली होती. ही हिरवी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारही मूळची मास्तरांची. वय झालं तशी त्यांनी ती या लाडक्या शिष्येला देऊन टाकली. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे गाडीचे दोन कार्बोरेटर मास्तर नुसत्या कानाने जुळवत. त्यांचं ते कसब बघायला गोव्याहून लोक येत.

आणि शाल्मलीने नेमके तेच उतरवले होते.

त्या जागी मोटरसायकलींचे इंजेक्टर बसवले होते. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं, हे ठरवणारा इवलासा कॉम्प्युटर तिने घरीच जोडला होता. कितीदा वायरी जळल्या. एकदा तर गाडीच पेटता पेटता वाचली. गाव हसलं, पण हिने हात टेकले नाहीत. आज ती आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला निघाली होती.

मास्तरांनी खूण केली. तिने किल्ली फिरवली.

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. आचका नाही, खोकला नाही.

मास्तर डोळे मिटून उभे...

ती गाडीतून उतरली. “तुमचे कार्बोरेटर काढले म्हणून राग आला?”

“गप गो. ऐकू दे.”

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. ते पाणावले होते.

“असं मला कधी जमलं नाही, पोरी.”

शाल्मलीची मान ताठ झाली. “घाटात बघाच तुम्ही! कुठे म्हणून अडायची नाही.”

“खात्री आहे?”

“शंभर टक्के!”

मास्तर सावकाश मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. आत जुन्या चादरीचं एक गाठोडं होतं. त्यांनी गाठ सोडली.

दोन्ही कार्बोरेटर. घासूनपुसून लख्ख.

शाल्मलीने मान खाली घातली. “असू देत म्हटलं... वाटेत काही झालंच तर. तुमच्या हातचे आहेत, दगा द्यायचे नाहीत.”

मास्तरांनी गाठोडं उचललं. ती धरायला धावली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एकेक पाऊल टाकत त्यांनी ते आतल्या फळीवर नेऊन ठेवलं, परत आले आणि डिकी लावून टाकली.

“मास्तर, अहो, घाट आहे...”

“घाट आहे म्हणूनच,” मास्तर म्हणाले. “चढायचं तुला, त्यात माझं ओझं कशाला?”