राजाच्या तोंडातला शिपायाचा दात

एक होता राजा, आणि त्याला गोडाचं भारी वेड. सकाळी जिलबी, दुपारी बासुंदी, निजताना उशाशी खडीसाखरेची वाटी. चूळ भरायची म्हटलं की महाराजांना कंटाळा. मथे, तुलाच सांगतेय, बरं का. तोंडातला गूळ संपव आधी.

मग काय झालं, राजाचा पुढचा दात ठणकायला लागला. वैद्य आला. म्हणाला, "दातात किडा शिरलाय." हसू नका. तेव्हा देशोदेशीची शहाणीसुरती माणसंही हेच म्हणायची. वैद्यानं रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया निखाऱ्यावर टाकल्या, धूर राजाच्या तोंडात सोडला. खाली धरलेल्या वाडग्यात पांढरं काहीतरी पडलं. "हा बघा किडा!" किडा कसला, तापून फुटलेलं बी ते. दात ठणकतच राहिला.

मग सांडशी घेऊन न्हावी आला. तेव्हा दातही न्हावीच उपटायचे. आणि तिथली एक रीत होती. दात उपटताना शेजारी ढोल बडवायचा. का? तर किंकाळी बाहेर जाऊ नये, नाहीतर पुढची गिऱ्हाईकं पळून जातील! राजाला धरून बसवलं. ढोल वाजला. राजा जीव तोडून ओरडला, "थांबा, थांबा!" पण ढोलापुढं कुणाला ऐकू येणार? राणी दाराआडच उभी होती, तिलाही कळलं नाही.

दात गेला, पण तोंडाला खिडकी पडली. आणि दसऱ्याचा दरबार जवळ आलेला. राजा म्हणाला, "हे असलं तोंड घेऊन मी गादीवर बसणार नाही. दात आणा."

प्रधानानं हस्तिदंताचा दात घडवून घेतला, सोन्याच्या तारेनं बसवला. पण नवल काय, राजा जेवायला बसला की दात हुंकारायचा, "माझं रान कुठाय? माझा कळप कुठाय?" राजाच्या घशाखाली घास उतरेना. काढला तो.

मग प्रधानानं लढाईत पडलेल्या एका शिपायाचा दात आणला. ई काय करता? दूरदेशीचे श्रीमंत लोक असले दात खरंच तोंडात मिरवायचे. मेलेला माणूस नाही म्हणत नाही ना! तर हा दात रडायचा. अगदी हळू. "आई, मी घरी येतो म्हणालो होतो." राजानं तोही काढला, डबीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

प्रधान म्हणाला, "मेलेल्यांचे दात कुरकुरतात, महाराज. आता जिवंत माणसाचाच आणू."

आणि धनगराच्या पोरीला, गजराला, धरून आणलं. वाळली भाकरी कडाकडा मोडून खायची ती. बाभळीच्या काडीनं दात घासायची. हसली की दात दिसायचे जोंधळ्याच्या टपोऱ्या दाण्यांसारखे. तिला पाटावर बसवलं. न्हाव्यानं सांडशी उचलली. ढोलवाल्यानं टिपरू उचललं.

"घाबरू नकोस," राजा म्हणाला, "सोन्यानं मढवीन तुला."

"सोन्यानं भाकरी मोडते व्हय, महाराज?" गजरा म्हणाली. "तुम्ही राजे, दात न्यायचाच तर न्याल. पण ढोल नको. मी ओरडंन, ते समोर बसून ऐका. आज न्हाई ऐकलंत, तरी माझा दात तुमच्या तोंडात बसून रोज ओरडणार हाय. मग किती ढोल बडवाल?"

प्रधान खेकसला, "तोंड आवर गं!"

"आवरते की. अजून तरी माझंच हाय ते."

राजानं हात वर केला. टिपरू ढोलावर न पडताच खाली आलं. सगळा महाल इतका गप्प झाला, की बंद डबीतला आवाजही ऐकू आला. "आई..."

राजाचा हात आपोआप हिरडीवर गेला. तिथं अजून दुखत होतं. आपण ओरडलो आणि कुणीच ऐकलं नाही, हे त्याला आठवलं. मग न्हाव्याला म्हणाला, "सांडशी ठेव." आणि गजराला म्हणाला, "जा पोरी घरी. तुझं तोंड तुझ्यापाशी राहू दे."

मग राजानं प्रधानाकडून त्या शिपायाचं गाव विचारून घेतलं आणि दोन्ही दात घेऊन तिकडं निघाला. वाटेत रान लागलं, तिथं हस्तिदंताचा दात ठेवला. डबी घेऊन पुढं गेला. शिपायाची म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. तिनं दात तळहातावर घेतला, अंगठ्यानं चाचपला.

"हा माझ्या राणोजीचाच. हा कोपरा बघा. चिंचोका फोडताना उडाला होता. केवढा रडला तेव्हा! मांडीवर घेऊन ऐकत बसले होते मी."

राजा मान खाली घालून उभा. म्हातारीनं तो दात तुळशीच्या मुळाशी पुरला. तेव्हापासून तो दात कधी रडला नाही.

दसऱ्याला राजा तोंडाची खिडकी घेऊनच गादीवर बसला. एक चिमुरडी फिस्कन हसली, तर हा तिच्याहून मोठ्यानं हसला. मग त्यानं दवंडी पिटवली, की यापुढं दात काढताना ढोल वाजवायचा नाही. आपल्या माणसानं हात धरून जवळ बसायचं. उशाशी खडीसाखर होती ना, तिथं आता बाभळीची काडी आली. गजरा म्हातारी झाली तरी दातानं ऊस सोलायची. सगळ्यांचं बरं झालं.

मथे, ऊठ, चूळ भरून ये. भरलीस? मग पड इथं. डोळे मिटा सगळ्यांनी. काही दुखलं-खुपलं तर हाक मारा. मी ऐकतेय.