शेजारची मोटार

टीव्हीच्या पाठीला कुबड होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका गेम पार्लरमध्ये माकडउडी आणि मोटारशर्यत हे दोन खेळ शेजारी शेजारी राहत. मोटारीने घाटातलं नवं वळण काढलं, की माकडाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्याच दिवशी ते शेपटीने लटकून आपल्या खेळातल्या मगरीच्या नाकावर टिचकी मारायचं. मग मोटार थेट नदीवरून उडायची. पोरं तर नुसती नाचायची!

एकदा मोटारीच्या डब्यातून धूर निघाला आणि तिला दुरुस्तीला नेलं.

"सुंठीवाचून खोकला गेला!" माकडाने कोलांट्या मारल्या. आता कशाला मरमर? ते रोज तीच उडी मारू लागलं. मगरसुद्धा जांभया देऊ लागली आणि पोरं दाराबाहेर गोट्या खेळू लागली.

मोटार परतली तेव्हा मालक म्हणाला, "आता पोरंच येत नाहीत, हिला मागच्या खोलीत टाकू."

"अहो नको, माझ्या शेजारीच ठेवा!" माकड काचेवर थापा मारत ओरडलं.

मोटार फुरफुरली, "काय रे, आठवण आली वाटतं?"

"छट्! तू नुसती चालू हो. आज मी या मगरीला नाचवून दाखवतो!"

मगरीची झोप खाडकन उडाली. दाराबाहेर गोट्या तशाच पडून राहिल्या.